मुंगी न लागलेला गूळ

सुनेला दिवस गेले की घरातल्या प्रत्येकाला नव्यानं अक्कलदाढ येते. पपई खाऊ नको, उंबऱ्यावर बसू नको, ग्रहणात विळीला हात लावू नको, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नको! सांगणाऱ्यांची माया खोटी नसते. पण ज्या एका गोष्टीला खरोखर भ्यायला हवं, ती त्याच घरात उजळ माथ्यानं फिरत असते आणि तिला कुणी हटकत नाही. ही खोड तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरची आहे. त्यामुळं एकट्या लिंबाजी आबांना नावं ठेवायला मी ही गोष्ट सांगत नाही.

येरमाळ्यापासून पाच-सहा किलोमीटर आत एक वाडी आहे. वाडीच्या टोकाला आबांचं घर. मागचं दार उघडलं की समोर पाच एकर सोयाबीन. श्रावणात ते फुलोऱ्यात येतं, तेव्हा त्या घरावर एक गुंगी उतरते. ऊन-सावलीचा खेळ चाललेला असतो, गोठ्यात गाय सावकाश रवंथ करत असते, कुठं कुणाला घाई नसते. दुपारी तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा डुलकी काढतंय असं वाटावं.

आबांची सून राजेश्वरी त्या दिवसांत अर्धी जमिनीवर आणि अर्धी स्वप्नात असायची. सहावा महिना होता. नवरा इंद्रजित येरमाळ्यात हायवेला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. सकाळी गेला की दिवेलागणीलाच परतायचा. राजेश्वरीला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात, तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. घरात कुणी तो विषय काढत नसे. पण या खेपेला पाचवा महिना सुखरूप सरला, त्या दिवशी सासूबाई धुरपदाबाईंनी येडेश्वरीला जाऊन खण-नारळ वाहिला आणि चुलीपुढं बसून एकट्याच रडल्या.

तर राजेश्वरी पोटावर हात ठेवून बाळाशी बोलायची. ढग दाखवायची, गाईचं नाव सांगायची. सकाळी आबांची न्याहारी घेऊन बांधावर जायची, तेव्हा बहुतेक वेळा आबा फवारणी करत असायचे. पाठीवर पंप, डोक्याला आणि तोंडाला जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळलेला, दुसरा तुकडा कमरेला. कोवळं ऊन त्या फवाऱ्यात शिरायचं आणि आबांच्या खांद्याजवळ एवढंसं इंद्रधनुष्य उमटायचं. आबा पांढऱ्या धुक्यातून पावलं टाकत पुढं जायचे, इंद्रधनुष्य त्यांच्याबरोबर चालायचं. राजेश्वरी भान हरपून बघत राहायची.

“बघ, तुझे आजोबा ढगातून चालायलेत,” ती बाळाला सांगायची.

वाऱ्यानं ते धुकं तिच्या तोंडावर यायचं. गार गार वाटायचं. मग जिभेवर एक कडवट चव यायची आणि तिला वाटायचं, डोहाळेच असतील.

आता आबांच्या धोतरांविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. आबांचं धोतर कधी वाया जात नसे. नवं असताना ते लग्नाकार्याला आणि कळंबच्या बाजाराला. जरा विटलं की शेतात. फाटायला लागलं की त्याचे दोन तुकडे, ते फवारणीला. आणि फवारणीतही झिजून झिजून अगदी लोण्यासारखं मऊ झालं की ते धुरपदाबाईंच्या ट्रंकेत जायचं, नातवंडाची वाट बघत.

त्या घराची रीतच तशी होती. जन्मलेल्या बाळाला पहिलं कापड नवं घालायचं नाही. घरातल्या सगळ्यांत वडील पुरुषाच्या अंगावर झिजलेल्या धोतराचं दुपटं शिवायचं आणि त्यात बाळाला गुंडाळायचं. म्हाताऱ्याचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. खुद्द आबांना त्यांच्या आजोबांच्या धोतरात गुंडाळलं होतं, आणि ते आजोबा नव्वद वर्षं जगले होते. एवढंच नाही, तर ते दुपटं आधीच शिवून, त्याच्या एका कोपऱ्यात गुळाचा खडा बांधून गर्भारणीच्या उशाखाली ठेवायचं. लेकरू गोड बोलणारं निपजावं म्हणून.

धुरपदाबाईंनी ट्रंकेतले चार तुकडे काढले, सोडा घालून तीनदा उकळले, उन्हात वाळवले, चार पदर एकावर एक घालून धावदोऱ्यानं असं देखणं दुपटं शिवलं की शेजारणी बघायला आल्या. गुळाचा खडा बांधला आणि स्वतःच्या हातानं राजेश्वरीच्या उशाखाली सारलं.

त्या दिवसापासून राजेश्वरीला एक स्वप्न पडायला लागलं. पांढऱ्या धुक्याचं शेत, आणि त्यात एक मूल रांगत पुढं निघालंय. ती हाक मारते. मूल मागं वळून बघत नाही. जागी व्हायची तेव्हा घसा कोरडा, डोकं जड, आणि उशाखालून वास. सोड्याचा, उन्हाचा, आणि त्यांच्याखाली दडून बसलेला तो तिसरा, बांधावरचा.

एकदा तिनं दुपटं उचलून कोनाड्यात ठेवलं. धुरपदाबाईंनी बघितलं आणि परत आणून ठेवलं.

“आगं, सासऱ्याचं आयुष्य हाय त्यात. ते बाजूला सारतीस व्हय?”

यावर सुनेनं काय बोलावं? ‘मला वास येतो’ म्हणावं, तर सासऱ्याचा आशीर्वाद नासका म्हटल्यासारखं होतं. तिनं इंद्रजितला सांगून बघितलं.

“आबांना कोण बोलणार?” तो म्हणाला. “तूच जरा नाकाला पदर लाव. बारसं झालं की बघू.”

बारसं झालं की बघू! पुरुषांची ही एक गंमतच आहे, सगळं बारसं झाल्यावर बघायचं. राजेश्वरीनं नाकाला पदर लावला. पण मनातून ती मागचं लेकरू आठवून थरथरत होती. हेही असंच रांगत निघून गेलं तर?

भाद्रपदातल्या एका दुपारी नागम्मा सिस्टर ताक न्यायला आल्या. मूळच्या अणदूरकडच्या. नर्स म्हणून या भागात आल्या आणि तीस वर्षं आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाळंतपणं करून इथंच निवृत्त झाल्या. इंद्रजितची नाळसुद्धा त्यांनीच कापलेली. त्यामुळं या घरात त्यांचा शब्द चालायचा, आणि त्या तो फार जपून वापरायच्या.

धुरपदाबाईंनी चहा टाकला आणि दुपटं आणून सिस्टरांपुढं पसरलं. कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय!

“बघा सिस्टर, कसं झालंय! आन् एक नवल सांगू? घरात मुंग्यांनी हैदोस घातलाय. साखरंचा डबा पाण्याच्या परातीत ठिवला तरी शिरत्यात. पर ह्या गुळाला पंधरा दिवसांत एक मुंगी लागली न्हाय! लेकरू लई भाग्याचं हाय बगा माझं.”

सिस्टरांनी बशी खाली ठेवली.

“एक बी न्हाय?”

“एक बी न्हाय!”

सिस्टरांनी कोपऱ्यातली गाठ बोटांनी चाचपली. गूळ चांगला होता, पाघळून चिकट झालेला. मग त्यांनी दुपटं नाकाशी नेलं, तशी त्यांची नजर राजेश्वरीवर गेली. राजेश्वरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली.

“धुरपदाबाई, वाईच गूळ द्या मला,” सिस्टर म्हणाल्या. “आन् राजेश्वरीच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा.”

“कशाला?”

“द्या तर. सांगते.”

त्यांनी साडीच्या तुकड्यात तसाच एक खडा बांधला. ओसरीवर, मुंग्यांची रांग भिंतीतून निघत होती तिच्याजवळ, एका बाजूला दुपट्याचा कोपरा ठेवला आणि वीतभर अंतरावर साडीचा तुकडा. आणि म्हणाल्या, “आता चहा पिऊ. घाई न्हाय.”

मंडळी, मुंगी ही फार हिशेबी बाई. उगाच कुठं जात नाही आणि गुळाला कधी नाही म्हणत नाही. चहा संपेपर्यंत दोन-चार मुंग्या साडीच्या गाठीशी आल्या, वास घेऊन माघारी पळाल्या आणि बघता बघता आख्खी रांग तिकडं वळली. ऊन ओसरीवर सरकत होतं, गाय झोपाळलेली होती, तिघी बायका मुंग्यांकडं बघत होत्या. तेवढ्यात आबा शेतातून आले. पाय धुतले न धुतले, पंप मधल्या खोलीत ठेवला आणि तेही बघायला उकिडवे बसले.

काही मुंग्या दुपट्याकडंही आल्या. कापडाच्या काठाशी थबकल्या, मिशा हलवल्या, वळल्या. तीन-चार हावऱ्या निघाल्या, त्या वर चढल्या. त्या आधी भराभर गेल्या, मग स्वतःभोवती फिरायला लागल्या. एकच जागा, गोल गोल. मग एकेक करून उताण्या झाल्या, पाय वर करून थरथरल्या आणि थांबल्या.

“आगं बया!” धुरपदाबाईंच्या तोंडून निघालं. “आन् ह्ये म्या पोरीच्या उशाला ठिवलं!”

आबांनी काडीनं एक मुंगी हलवून बघितली. मेलेलीच होती.

“धुतलंय की ते!” ते एकदम म्हणाले. कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. “तीनदा सोड्यात उकळलंय हिनं.”

“धुतलंय, मला दिसतंय ना,” सिस्टर म्हणाल्या. त्या आबांना अण्णा म्हणायच्या. “पण अण्णा, ही औषधं तेलकट. धाग्यात शिरली की सोड्याला दाद देत न्हाईत. तुमी एक धोतर दोन-तीन हंगाम तोंडाला बांधताव. किती प्यालं असंल ते?”

“म्या चाळीस वर्षं झाली तेच तोंडाला बांधतुय. मला काय झालं? हाय न्हवं धडधाकट?”

“हायेव. येडेश्वरीची किरपा. पण सत्तर किलोच्या गड्याचं आन् तीन किलोच्या लेकराचं मोजमाप एक धरताव व्हय? तुमचं सगळं घडून झालंय. पोटातल्या लेकराचं अजून घडायलंय. मेंदू घडायलाय, फुप्पुस घडायलंय. घर बांधताना पाया वला असतोय, तवा बोट लावलं तरी ठसा उमटतोय. आईनं श्वासात घेतलं, आईच्या कातडीतून गेलं, त्यातलं थोडं नाळंतून आत जातंय. आन् जन्मल्यावर तर लेकरू समदं तोंडात घालतंय. हात, दुपटं, आजोबांचं बोट.”

धुरपदाबाईंना आता राग आला. लाज वाटली की माणसाला आधी राग येतो.

“मग काय आता लेकराला काचंच्या पेटीत ठेवू? शेतकऱ्याच्या घरात जल्मणार, तर शेत अंगाला लागणारच की! सिस्टर, तुमी आता असं म्हणाल की गोठ्यात बी नेऊ नका, मातीत बी सोडू नका!”

“असं कोण म्हणालं?” सिस्टर हसल्या. “उलट सांगते. गोठ्याच्या आसऱ्यानं, गाई-वासरांत वाढलेल्या लेकरांना दमा, खाज, शिंका कमी होत्यात, असं शिकल्यासवरल्या लोकांना लई ठिकाणी दिसलंय. दूध तेवढं तापवून द्या, हात धुवा, आन् खुशाल गाईचं नाव घ्यायला शिकवा. माती वाईट न्हाय धुरपदाबाई. शेत वाईट न्हाय. शेतात आपण बाहेरून आणून जे वततोय, त्याची भीती धरा. ग्रहणाला भिताव, पपईला भिताव. आन् डब्यावर तांबडी खूण हाय, कवटी छापलीय, त्या डब्याला कोणच भीत न्हाय. यव्वा, काय म्हणावं!”

आबा मेलेल्या मुंगीकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की धुरपदाबाईंनी चमकून वर बघितलं.

“सिस्टर, मागलं जे गेलं... ते माझ्यामुळं गेलं का?”

राजेश्वरीनं चौकट घट्ट धरली. दोन वर्षांत या घरात तो विषय पहिल्यांदा निघाला होता.

खोटं बोलून धीर देणं सिस्टरांना सोपं होतं, आणि खरं म्हणून दोष देणं त्याहून सोपं.

“मला ठाऊक न्हाय अण्णा,” सिस्टर म्हणाल्या. “कुणालाच सांगता यायचं न्हाय. असं व्हायला शंभर कारणं असत्यात, कित्येकदा कायबी कारण सापडत न्हाय. त्याचं ओझं घेऊ नका. झालेलं आपल्या हातात न्हाय. येणारं हाय.”

“आन् माझं धोतर?” आबा म्हणाले. “माझ्या आज्याचं मला लागलं. माझं माझ्या नातवाला लागायचं न्हाय?”

म्हातारा माणूस. डोळे भरलेले. चाळीस वर्षं ज्या पिकासाठी घाम गाळला, त्याच घामाचं कापड नातवाला चालत नाही, हे त्यांना कसं सोसावं! तेवढ्यात जी कधी सासऱ्यापुढं मान वर करून बोलली नव्हती, ती राजेश्वरी बोलली.

“मामा, मला तुमचं आयुष्य पाहिजे लेकराला. समदं पाहिजे. फकस्त फवाऱ्याचं नको.”

एवढं बोलून ती मधल्या खोलीत पळाली आणि पलंगावरच्या उशीत तोंड खुपसून रडली. आपण केवढं बोललो, आता काय होणार, या भीतीनं रडली. मग जवळच काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. तिनं डोळे पुसून बघितलं. आबा तिच्या पलंगाखाली वाकले होते.

हो, पंप तिच्याच पलंगाखाली असायचा! पंप महागाचा, बॅटरीला ओल लागू नये म्हणून घरातली सगळ्यांत कोरडी जागा त्याला दिलेली. पंपाशेजारी उरलेल्या औषधाचे दोन डबे. आबांनी ते सगळं बाहेर काढलं, विहिरीपल्याड जुनी पत्र्याची खोली होती तिथं नेलं आणि कुलूप घातलं. औषधाच्या एका रिकाम्या डब्यात धुरपदाबाई तूरडाळ ठेवायच्या. ती डाळसुद्धा गेली. डाळ जाताना मात्र धुरपदाबाईंचा जीव तुटला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या आठवड्यात आबा कळंबला गेले आणि तीन गोष्टी घेऊन आले. एक नवं कोरं सुती धोतर आणि फवारणीसाठी तोंडाचा मास्क, हातमोजे. इंद्रजितची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यांनी मागून घेतला. जन्मात पँट न घातलेला माणूस त्या वेषात बांधावर उभा राहिला, तेव्हा अवघी वाडी बघायला लोटली.

“आबा, सासुरवाडीला निघालाव का काय?” शेजारच्या शंभुलिंगनं विचारलं.

“लेकरासाठी घातलीय,” आबा म्हणाले. “सासुरवाडीला जायचं असतं तर कोट बी घातला असता!”

पोरं हसली, आबाही हसले. पण नेम चुकला नाही. शेतातून आले की ते कपडे विहिरीवरच उतरायचे. तिथंच एक वेगळा दगड, तिथंच वेगळी बादली. डोक्यावरून आंघोळ करायची, साबण लावून, नखं घासून. आणि मग घरात येऊन ते नवं धोतर नेसायचं.

त्या धोतराचं काय चाललं होतं, ते वाडीला बरेच दिवस कळलं नाही. रीत तर मोडायची नव्हती. बाळाला अंगावर झिजलेलं मऊ कापडच हवं. आणि आबांच्या झिजलेल्या धोतरांत फवाऱ्याला न गेलेलं एकही नव्हतं. मग आबांनी ठरवलं, नवं धोतर दोन महिन्यांत अंगावर झिजवायचं! ते नेसून फक्त घरात बसायचं, ओसरीवर लोळायचं, गाईला कुरवाळायचं, आणि रोज स्वतःच्या हातानं धुवायचं. धुरपदाबाई धुवायला मागायच्या, तर द्यायचे नाहीत.

रोज दुपारी धोतर वाळलं की आबा ओसरीच्या या टोकाला बसायचे आणि धोतराचा काठ त्या टोकाला बसलेल्या सुनेकडं सारायचे.

“बघ गं, झालं का मऊ?”

राजेश्वरी काठ गालाला लावायची. डोळे मिटायची. बाहेर सोयाबीन पिवळं पडत होतं, शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. कापडाला आता उन्हाचा वास यायचा, साबणाचा, गाईचा. बाळ आतून ढुशी मारायचं.

“अजून वाईच, मामा.”

“बरं.”

एवढंच बोलणं. रोजचं. पण सासरा आणि सून यांच्यात इतकं बोलणं याआधी कधी झालं नव्हतं. तिचं डोकं हलकं झालं होतं. ते पंप गेल्यानं झालं, की मनातलं बोलून टाकल्यानं, ते मला सांगता यायचं नाही. ते धुक्याचं स्वप्न तिला नंतर एकदाच पडलं. त्यात मूल वळलं होतं.

दिवाळीच्या आधी चार दिवस तालुक्याच्या दवाखान्यात राजेश्वरीला मुलगी झाली. सव्वातीन किलो, सावळी, डोक्यावर दाट जावळ. सोबत नागम्मा सिस्टर होत्या. आबांनी आदल्या दिवशीपर्यंत अंगावर वागवलेलं, उकळून धुतलेलं धोतर धुरपदाबाईंनी फाडून, चार पदर करून आणलं होतं. दुपटं शिवायला वेळ मिळाला नव्हता, कारण राजेश्वरी शेवटपर्यंत ‘अजून वाईच’ म्हणत राहिली! बाळ त्यात गुंडाळून आबांच्या हाती दिलं, तेव्हा आबांनी आधी कापड चाचपलं, मग नातीकडं बघितलं.

“झालं,” ते म्हणाले. “आता झालं मऊ.”

पोरीचं नाव वैष्णवी ठेवलं.

वाडी काही एका दिवसात सुधारली नाही. शंभुलिंग अजून टॉवेल तोंडाला बांधूनच फवारतो. पण त्याची बायको आता तो टॉवेल घरातल्या कपड्यांत भिजवत नाही, आणि तिसरा महिना लागल्यापासून तिनं बांधावर न्याहारी नेणं बंद केलंय. शंभुलिंग स्वतः घरी येऊन जेवतो. आधी कुरकुरला, मग सवय झाली. रीती काही आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी एकानं सुरू केलेल्या असतात, तशाच कुणीतरी एकानं बदलायच्या असतात.

आणि शेवटचं सांगतो.

डिसेंबरात हरभऱ्यावर अळी पडली. आबा सकाळपासून फवारत होते. ऊन चढलं तसे माघारी निघाले. घरातून वैष्णवीचं रडणं ऐकू येत होतं. राजेश्वरी न्हाणीत होती, धुरपदाबाईंचे दोन्ही हात भाकरीच्या पिठात. पाळण्यात पोर लालबुंद झाली होती. विहिरीकडं वळायच्या आधी आबा तसेच पुढच्या दारात आले, आणि उंबऱ्याबाहेर थांबले. ते खाकरले, तसं पोरीनं रडणं आणखी वाढवलं. सव्वा महिन्याची झाली होती, आजोबांचा आवाज ओळखायला लागली होती.

“आवं उचला की तिला!” धुरपदाबाई आतून ओरडल्या. “काय बघत उभं ऱ्हायलाव? जीव जायलाय लेकराचा!”

आबांचे हात आपोआप पुढं झाले होते. त्यांनी ते मागं घेतले, पाठीशी धरले.

“रडू दे,” ते म्हणाले. “रडून काय होत न्हाय लेकराला. माझ्या हातानं होतंय.”

आणि ते विहिरीकडं गेले. डिसेंबरातलं गार पाणी डोक्यावर ओतताना त्यांना पोरीचं रडणं ऐकू येत होतं. प्रत्येक हुंदक्याला ते साबण आणखी जोरानं घासत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं. नखं घासली, कोपरं घासली, मान घासली. एकही गोष्ट घाईत उरकली नाही. मग कोरडं धोतर नेसून ते धावत आले, धावत बरं का, आणि नातीला उचललं. तिनं हुंदका देत त्यांचं बोट धरलं आणि सरळ तोंडात घातलं. आबांनी ते काढून घेतलं नाही.

बंधुभगिनींनो, आपली माया मोठी आहे, यात शंका नाही. पण मायेनं हात आपोआप स्वच्छ होत नाहीत. शेतातून आल्यावर ते धुवावे लागतात, कपडे वेगळे ठेवावे लागतात, आणि घरातली पोटुशी बाई ‘मला वास येतो’ म्हणाली, तर तिला रीत शिकवण्याआधी तिचं ऐकावं लागतं. आपल्या लेकराला आपलं आयुष्य द्यायचं असेल, तर आधी त्यातलं विष बाजूला काढायला हवं. तेवढा वेळ लेकरू रडलं तरी चालेल.